आंबेटेकडीची बुजवलेली भोकं

नाशिकहून सकाळची सहाची एसटी धरली. वैशाखाचे दिवस होते, नव्वदीच्या सुरुवातीचे. "ठाण्याला कशाला चाललायत?" असं सौ.ने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "एका उताराबद्दल मत द्यायचंय." हे खरं होतं. पण दहा वर्षांत तिला त्या उताराबद्दल मी एवढंच सांगितलं होतं.

झालं असं होतं की ठाण्यातल्या एका कार्यालयाचं पत्र आलं होतं. वागळे इस्टेटच्या मागे, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. त्याला आपण आंबेटेकडी म्हणू. त्या पाड्यावरच्या उताराला लोखंडी जाळी ठोकून त्यावर सिमेंटचा लेप फवारायचा विचार चालू होता. "पूर्वीच्या भिंतीच्या कामावर आपण होतात, तरी प्रत्यक्ष पाहून लेखी मत द्यावे." पत्रात इतकंच होतं. पूर्वीची भिंत म्हणजे मी बांधलेली भिंत. ती उभी राहिल्यावर महिनाभरात पडली. का पडली ते मला माहीत होतं, आणि चौकशीच्या कागदांत वेगळं लिहिलेलं होतं. आता नव्या लेपाबद्दल प्रामाणिक मत द्यायचं तर जुनी भिंत का पडली तेही लिहावं लागणार होतं. ते लिहायचं की नेहमीसारखं गोल काहीतरी लिहून परत यायचं, हे ठरवायला मी निघालो होतो. खरं तर गोल लिहायचं असंच मनात होतं.

कसारा घाट उतरताना खिडकीतून कातळावरचे जुने दगडी बांध दिसत होते. बिनचुन्याचे, नुसते दगडावर दगड रचलेले. त्यांच्या सांधीसांधीतून गवत आलेलं आणि ते वाळून पिवळं झालेलं. माझ्या शेजारी भिवंडीला जाणारे एक गृहस्थ बसले होते. मी सारखा बाहेर बघतोय हे पाहून ते म्हणाले, "काय शोधताय?"

"पाणी कुठून येतं ते बघतोय."

"उन्हाळ्यात?" म्हणाले, आणि पेपर उघडून बसले.

भिवंडीनंतर दुर्गाडीचा पूल लागला आणि कल्याण आलं. तिथे उतरलो आणि दुर्गाडी किल्ल्याखालून खाडीकाठी थोडं चाललो. ओहोटी होती. चिखलाला खारट, जरा कुजका वास येत होता. काठाची माती तिवरांच्या (खारफुटीच्या) मुळांनी अशी धरून ठेवली होती की कुणी बारीक टोपली विणावी. शंभर पावलांवर तिवरं तोडून कुणीतरी भरावाचं डबर टाकलं होतं, तिथे काठ खाली बसला होता आणि डबर अर्धं पाण्यात गेलं होतं. चाळीस वर्षं माती हाताळलेला माणूस हे बघून लगेच निष्कर्ष काढतो. मी काढला नाही. त्या दिवशी मला कुठलाच निष्कर्ष नको होता.

रिक्षाने डोंबिवलीला शेलारकडे गेलो. शेलार त्या भिंतीच्या कामावर माझा मुकादम होता. आता तो एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. दोन खोल्यांचं घर, खिडकीत तुळस, आणि वारा फिरला की आंबट धुराचा वास. त्याची बायको पोहे देताना म्हणाली, "भाऊजी, खिडकी लावू का? सवय नाही तुम्हाला."

"राहू द्या," म्हटलं. शेलारने मात्र उठून खिडकी लावली आणि तो माझ्यासमोर बसला.

"साहेब, त्या आंबेटेकडीवर जाणार?"

"उद्या."

"मी नेतो स्कूटरवर. पण एक विचारू? भोकांचं सांगणार का?"

वाचकांना हे भोकांचं प्रकरण सांगायला हवं. डोंगराला टेकून भिंत बांधली की मागे मुरलेलं पाणी भिंतीला ढकलू लागतं. ते बाहेर पडावं म्हणून भिंतीत आरपार नळ्या ठेवतात. कामावर सगळे त्यांना नुसती भोकं म्हणतात. आमच्या भिंतीला ती होती, नीट ओळीने, माझ्याच देखरेखीखाली ठेवलेली. काम संपलं, पांढरा रंग झाला, उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार म्हणून मांडव पडला. आणि आदल्या आठवड्यात वळीव कोसळला. प्रत्येक भोकातून लाल मातीचे ओघळ पांढऱ्या रंगावर उतरले. भिंत रडल्यासारखी दिसायला लागली. आमच्या ठेकेदाराने मला बोलावून सांगितलं, "ओघळ दिसता कामा नयेत. फोटो निघणार आहेत."

मी शेलारला सांगितलं, भोकांत गोणपाट कोंब, वरून सिमेंट मार, रंग दे. उद्घाटन झालं की उघडू.

उद्घाटन झालं. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले. भोकं उघडायची राहिली. आजवर मी स्वतःलासुद्धा "राहिली" असंच सांगत आलोय. ते खोटं आहे. मला रोज आठवण होती. पण उघडायची म्हणजे नवा रंग फोडायचा, आणि ठेकेदार पुन्हा ओरडणार. आठ दिवसांनी करू, मग पंधरा दिवसांनी करू, असं करता करता आषाढ लागला.

भिंत पडली तेव्हा पाड्यावरची जवळजवळ सगळी माणसं लावणीला खाली शेतात गेली होती म्हणून वाचली. दोन घरं गेली. कान्हा म्हात्रे नावाचा एक तरुण तापाने घरात पडून होता, त्याचा उजवा पाय मातीखाली चिरडला.

चौकशी झाली. ढिगारा दोन दिवसांत उचलला गेला होता, भोकं बघायला कुणाला मिळालीच नाहीत. भिंतीच्या वरच्या अंगाला कान्हाच्या थोरल्या भावाचे, धर्मा म्हात्रेचे, भेंडीचे वाफे होते. त्या वाफ्यांतलं पाणी मुरून डोंगर खचला, असा निष्कर्ष निघाला. तो दाखवणारा नकाशा जोडला होता. वाफे कुठे, पाणी कसं मुरलं, बाणाने दाखवलेलं. तो नकाशा माझ्या हातचा.

"धर्मा आणि कान्हा अजून बोलत नाहीत एकमेकांशी," शेलार म्हणाला. "चार घरांचं अंतर. कान्हा म्हणतो, भावाच्या भेंडीने माझा पाय खाल्ला. साहेब, मी पण गप्प बसलो. पण मी कोण? मुकादम. मला कोण विचारणार होतं?"

"भोकं बुजवायला तुला मी सांगितलं होतं, शेलार."

"हां, ते तर आहेच," तो म्हणाला. त्याला हे ऐकून बरं वाटलं असावं, कारण त्याने खिडकी परत उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून शीळ फाटा, मुंब्रा, कळवा असे आलो. पारसिकच्या डोंगरात खाणी चालू होत्या. अर्धा डोंगर चाकूने कापलेल्या खरवसासारखा उभा, आणि रस्त्यावर खडीच्या ट्रकांची धूळ. शेलारने रुमाल तोंडाला बांधला आणि ओरडून म्हणाला, "आपल्या भिंतीची खडी इथलीच!" मी हे विसरलो होतो. एका डोंगराला आधार द्यायला आम्ही दुसरा फोडला होता, आणि त्या दुसऱ्याच्या पायथ्याशीही झोपड्या होत्याच. नव्या लेपालाही खडी, वाळू, सिमेंट इथूनतिथूनच येणार.

टेंभी नाक्यावर चहा घेतला. शेलारला कामावर जायचं होतं, तो तिथून परत फिरला. जाताना म्हणाला, "साहेब, टेन्शन नका घेऊ. नाही सांगितलंत तरी मी काय बोलणार नाही." त्याच्या मनात दया होती. मला ती सोसवेना. वागळे इस्टेटपर्यंत बस, पुढे पायी गेलो.

आंबेटेकडीचं पहिलं दर्शन झालं आणि मी रस्त्यातच थांबलो. जिथे आमची भिंत होती तिथे हिरवा उतार होता. वैशाखात, सगळा येऊर वाळलेला असताना. पायथ्याशी बांबूची बेटं, वर बिनचुन्याच्या दगडांच्या बुटक्या पायऱ्या, आणि पायऱ्यापायऱ्यांवर आडव्या ओळींत वाळा. आपण माठात टाकतो त्याच वाळ्याचं हे गवत, कमरेइतकं उंच. मधेमधे निरगुडीची रांग. वर पाणी अडवून बाजूला वळवणारा एक चर, दगड लावून नीट केलेला. आमच्या पुस्तकांत अलीकडे असल्या उतारांची चित्रं येऊ लागली होती. इथे ते प्रत्यक्ष उभं होतं, आणि कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं.

जवळून बघायला म्हणून वर चढलो आणि घसरलो. चपलेचा अंगठा तुटला. घसरताना हाताला आलं ते धरलं, तो वाळ्याचा ठोंब होता. माझं सगळं वजन त्याच्यावर आलं तरी जागचा हलला नाही. तळहात मात्र पात्यांनी कापला.

"कोन रं तो? काय चोरतस?" खालून बाईचा आवाज आला.

पन्नाशीची बाई, नऊवारी वर खोचलेली, हातात कोयता. धर्माची बायको नामीबाय. तिने माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"तू तो भिंतीवाला इंजेनेर नं? जल्ला (मेला), केस कुटं गेलं तुजं?"

"गळले."

"डोंगरासारकं," म्हणाली आणि हसली. मग माझा हात बघितला. "चल खाली. हलद लावतंय."

घराच्या ओट्यावर धर्मा बसला होता. वय झालेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याने मला ओळखलं की नाही कळलं नाही, पण "ये, बस" म्हणाला. मी काय म्हणून आलोय ते सांगितलं, तेव्हा दोघांचे चेहरे पडले.

"सिमिट मारनार हायेत हे ठावं हाय," नामीबाय म्हणाली. "ह्यो वाला (वाळा) सगला उपटतील नं?"

"लेप मारायचा तर उपटावा लागेल."

 धर्मा मला हा उतार कसा केला ते सांगू लागला. आगरी माणूस, बोलण्यात ड-ढचा र होणारा, लहानपण कळव्याच्या खारात (खाडीकाठच्या शेतात) गेलेलं. "खारान आमी बांद घालतांव, त्याला उघारी ठेवतांव." उघारी म्हणजे उघाडी, खाडीच्या बांधातली पाणी सोडायची झडप. "भरतीचं पानी आत नाय आलं पायजे, पन आतलं बाहेर गेलं पायजे. नाय गेलं तं बांदाला खांड (भगदाड) परते. बाप सांगं, बांद दिसाया गोरा नको, त्याला वाट पायजे. डोंगर पन तसाच."

मी मान हलवत राहिलो. कॉलेजात चार वर्षं शिकलेलं तो एका ओट्यावर बसून सांगत होता आणि मी बुजवलेली भोकं पोटात घेऊन ऐकत होतो.

जेवायची वेळ झाली. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, निवट्यांचं (खाडीच्या चिखलातल्या माशांचं) आंबट कालवण. नामीबाय आग्रह करत होती. "खा. हात कापला म्हून डाव्या हातानं खाशील का?" मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. बोलायचं होतं ते जेवणाआधी बोलायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

जेवण झाल्यावर मी सहज विचारलं, "एवढी जागा आहे, चर आहे, खाली पाणीही असणार. काही खायचं का नाही लावत? काकडी, शिराळी?"

धर्माने तोंड फिरवलं. उत्तर नामीबायने दिलं. "ह्याला इचार नको."

"इचारू दे," धर्मा म्हणाला. "माज्या भेंडीनं डोंगर परला. कानाचा (कान्हाचा) पाय गेला. सायेब लोकांनी कागदावर लिवलं, नकशा काराला. मंग मी ठरीवलं, आता या डोंगरान खायाचं काय लावाचा नाय. धरून ठेवील तेच लावाचा. धा वर्सं झाली. येक येक ठोंब खाराकरून डोक्यावं आनला."

मी तो उतार बघून थक्क झालो होतो. मनात त्याची प्रशंसा लिहायला घेतली होती. आणि तो सगळा उतार म्हणजे न केलेल्या चुकीचं एका माणसाने घेतलेलं प्रायश्चित्त होतं. चूक माझी होती.

मग मी सांगितलं. उद्घाटन, ओघळ, गोणपाट, रंग, नकाशा. 

धर्माने एकच विचारलं. "मंग माजी भेंडी नव्हती?"

"नव्हती. वाफ्यातल्या पाण्याने ती भिंत पडलीच नसती."

"आन तू हे तवाच जानत व्हतास?"

"हो."

नामीबाय उठली. माझ्यासमोरचं ताट उचलून आत गेली आणि आतून म्हणाली, "आमच्या घरान बसलास, जेवलास, ढेकर दिलास, आन मंग सांगतस!"

 ढेकर दिला होता, हेही खरं होतं.

धर्मा म्हणाला, "मला नको सांगू. कानाला सांग."

चार घरं चालून गेलो. तुटलेली चप्पल हातात, अनवाणी. कान्हा दारात पाग (फेकायचं जाळं) दुरुस्त करत बसला होता, उजवा पाय लाकडासारखा सरळ पुढे ठेवून. पाग सोडली नाही, सुतळी ओवता ओवता त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, मारेल. ओरडेल. त्याने सुई खाली ठेवली आणि विचारलं, "कागूद हाय?"

"अजून लिहिलं नाही."

"हितंच लिव. माज्यासमोर. तोंडाचं तुमी सायेब लोक इसरतास."

त्याच्या ओट्यावर, मांडीवर वही ठेवून मी लिहिलं. आधी भिंत का पडली, कुणी भोकं बुजवायला सांगितली, नकाशा कुणी काढला, तो खोटा कसा. शेलारचं नाव मी घातलं नाही. त्याने सांगितलेलं केलं होतं. मग उताराबद्दल लिहिलं. खालचा भाग, जिथे वाळा आणि दगडी पायऱ्या आहेत, त्याला हात लावू नये. लेप मारला तर मुळं मरतील, पाणी आत कोंडेल, दोन-चार पावसाळ्यांत तडे जातील आणि मग मोठा तुकडाच खाली येईल. वर नव्या रस्त्यासाठी जिथे डोंगर कापलाय, तो भाग मात्र फार उभा आहे, गवताला तेवढी ताकद नाही. तिथे लोखंडी खिळे आणि जाळी लावावी, पण सिमेंटने तोंड बंद करू नये, आडव्या नळ्या ठेवाव्यात आणि दर पावसाळ्याआधी त्या कुणीतरी साफ कराव्यात. गवत सगळं पेलतं असं मी लिहिलं नाही. तेही खोटंच झालं असतं.

कान्हाने सगळं मोठ्याने वाचायला लावलं. "भेंडी" शब्द असलेलं वाक्य दोनदा. तोवर दोन-चार बाया दारात जमल्या होत्या. धर्मा लांब, बांबूच्या बेटापाशी उभा होता.

कान्हाने काठी घेतली, उठून उभा राहिला आणि दहा वर्षांत पहिल्यांदा भावाला हाक मारली.

"ए धर्मा! तुजा वाला माज्या दारान आलाय. काप तो!"

 बायांत येऊन उभी राहिलेली नामीबाय बोलली. "धा वर्सांनी तोंड उघारलं, ते बी भांराया (भांडायला)!" बाया हसल्या. धर्मा कोयता घेऊन चार घरं चालून आला आणि वाकून कान्हाच्या दारातलं गवत कापू लागला. कान्हा काठीच्या टोकाने दाखवत होता, "हितलं. आन हितलं." गवत कापून झालं तरी दोघांचं हे बराच वेळ चाललं होतं.

दुपार कलल्यावर कार्यालयात गेलो. पत्र लिहिणारा अभियंता पंचविशीचा, हुशार मुलगा. मत वाचून गोंधळला. "सर, टेक्निकल पार्ट एकदम परफेक्ट आहे. पण हा पहिला पर्सनल पार्ट काढू या का? तुम्हालाच प्रॉब्लेम होईल."

"पहिला भाग काढला तर दुसरा कुणी का मानावा?"

तो वाचत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडेही सर, परवा एका भिंतीला..." आणि थांबला. मी विचारलं नाही. त्याने पोच लिहून दिली.

त्या पावसाळ्यापुरता खालच्या उतारावरचा लेप थांबवला, असं त्याने पुढे पोस्टकार्डाने कळवलं. पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही, असंही. माझ्याकडे मतासाठी येणारी पत्रं त्यानंतर बंद झाली. ते अपेक्षित होतं.

परतीच्या बसमध्ये मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. गवताच्या उताराला दर वर्षी माणूस लागतो. चर उपसायचा, मेलेला ठोंब बदलायचा, वाढलेलं कापायचं. आम्हाला सिमेंट आवडायचं ते मजबूत म्हणून, असं आम्ही सांगायचो. मला वाटतं, ते आवडायचं कारण एकदा मारलं, फोटो काढला की तिथे पुन्हा जायला नको. मी दहा वर्षं गेलो नव्हतो.

मला कुणी माफ केलं नाही. निघताना धर्माने हात जोडले, तेही सवयीने. कान्हा पाग ओवत बसला होता, त्याने मान वर केली नाही. नामीबाय मात्र रस्त्यापर्यंत आली, तुटलेल्या चपलेला सुतळी बांधून दिली आणि म्हणाली, "पुरच्या जेठान चर साफ कराचा हाय. तू ये. ह्याला आता वाकवत नाय."

"येईन," म्हटलं. "फावडं आणू का?"

"फावरं हाय आमच्याकरं," ती म्हणाली. "हात तुजं आन."